माळेवर ठेवलेला हात

सांगली,
१४ मार्च १९६५

ती. दादास,

आईला घेऊन कराडला जाऊन आले. तार करण्यासारखं काही नाही, पण सगळं नीट कळवायला हवं, कारण निंबवडीहून तुला जे कळेल ते आईची पत्रं लिहून देणाऱ्या ज्ञानूतात्यांच्या पत्रातून, आणि तात्या 'सर्व क्षेम' याच्यापुढे फारसं लिहीत नाहीत.

दिवाळीपासून तिला धाप लागत होती. रानातून येताना बांधावर बसायची आणि वहिनींना म्हणायची, "तू हो फुडं, मी ऊस बघून येते." डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली, रक्त तपासलं. अंगात रक्त तयार होत नाही म्हणाले. असंच चाललं तर वर्ष काढणं कठीण. औषध आहे, लिव्हरची इंजेक्शनं. आठवड्याला एक, बरेच महिने.

मी विचारलं, "लिव्हर म्हणजे?"

डॉक्टर हसले. "बी. ए. ना तुम्ही? जनावराचं काळीज. त्याचा अर्क."

आईने ते ऐकलं. गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली आणि टेबलावरून खाली उतरली. म्हणाली, "चल पोरी, एष्टी चुकंल."

बाहेर लिंबाखाली मी तिच्याशी वाद घातला. आप्पा गेल्यावर तात्यांच्या हातून तिने माळ घातली तेव्हापासूनचं सगळं तुला माहीत आहे. जत्रेला घरात मटण शिजतं तेव्हा ती आपलं पातेलं घेऊन गोठ्यात जाऊन बसते, आणि आपण तिला हसायचो. मी म्हटलं, आई, हे तोंडाने थोडंच जाणार आहे, सुईने जाणार. तर म्हणाली, "तोंडानं जाऊ दे न्हाईतर दंडातनं, जानार माज्यातच न्हवं?"

मी तिला लिंबाखालीच बसवलं.

मी एकटीच परत आत गेले. फार विचारल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की याच कामाचं दुसरं एक औषध आहे, लाल रंगाचं. ते कारखान्यात बनतं, जनावराचं त्यात काही नसतं. कराडला मिळत नाही, सांगलीला मिळेल. आईला हे सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला आणि आपल्या माळेवर ठेवला. "तू शिकलीस. बाटलीवरचं तुला वाचता येतं, मला न्हाई. माज्या अंगात काय जातंय ते तू बगायचं. दे शबुद."

मी शब्द दिला. दादा, कॉलेजात मी सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. ते स्वातंत्र्य एक दिवस कराडच्या दवाखान्याबाहेर असं माझ्या हाताखाली येईल असं वाटलं नव्हतं. माझा माळेवर विश्वास नाही. पण गळा तिचा आहे. त्या दिवसापासून मीही मटण सोडलं आहे, ते उगीच, तिच्या सोबतीला.

तू घरातला कर्ता आहेस. डॉक्टर माझ्यापेक्षा तुझं ऐकतील. म्हणून आधीच लिहिते, तिला गळ घालू नकोस.

तुझी
जाई

•

मार्फत ५६ ए. पी. ओ.
२ एप्रिल १९६५

जाई,

पत्र पोचलं. वाचून डोकं गरम झालं, म्हणून आधी तोंडावर पाणी मारलं आणि मग लिहायला बसलो.

तुला सांगलीला घालायचं ठरलं तेव्हा भावकीनं काय काय तोंडं वाजवली ते आठव. हिंदुरावकाका म्हणाले, पोरगी शिकली की घरच्यांना शहाणपण शिकवती. मी म्हणालो, शिकवू दे. आता बघ, माझी शिकलेली बहीण मला कळवते की आई वर्षभरात जाईल, पण माळ मात्र जपू या.

आमच्या पलटणीत डॉक्टर येतो, रांगेत उभं करतो आणि टोचतो. एका नव्या पोरानं विचारलं, साब, ये काहे की सुई है? डॉक्टर म्हणाला, जवान, तू बारात में आया है क्या? झालं, पुढं सरक.

मला आई पाहिजे. जूनमध्ये सुट्टी मिळेल असं दिसतंय. मिळाली तर मी स्वतः तिला कराडला नेईन. तोवर दे तुझी लाल बाटली. शब्द दिलास तो दिलास, मी काय तुझा वैरी नाही. तू म्हणशील तसं.

इकडचं लिहिता येत नाही. जेवणात निम्मी वाळू असते, एवढ्यावरनं ओळख.

जालिंदर

•

निंबवडी, ता. कराड
२७ जून १९६५

(रंगूबाई बोलतात तसंच उतरून घेतो. — ज्ञानू)

जाई,

मी बरी हाय. तुजी लाल अवशिदं कंडक्टरनं आनून दिली, येकबी फुटली न्हाई. त्याला चार पेरू दिलं.

जालिंदर आल्यापास्नं त्योच मला कराडला नेतोय. पयलं मला धरून चालवायला लागायचं, परवा मी फुडं आन् त्यो मागं. मनुबाई म्हन्ती, आत्याबाई, तुमच्या व्हटाला रंग आला. म्या म्हनलं, सुनेनं सासूच्या व्हटाकडं बगू न्हाई, चुलीकडं बगावं.

तुजा दादा लढाईतला गडी, पर मला टोचाय लागलं की माजा हात धरतो आन् भित्ताडाकडं त्वांड करतो. म्या म्हनलं, आरं, सुई मला टोचत्यात का तुला? तितला कंपौंडर अर्जुना लय हसला. जालिंदर न्हाई हसला.

तू मटान कशापायी सोडलंस गं? तुज्या वयाला खावं. माजं मी बगते.

जालिंदरची सुट्टी सपत आली. रेडिओवर सारकं हद्दीचं सांगत्यात. तात्या म्हन्त्यात, तसलं काय व्हनार न्हाई. तूबी तसंच लिव, म्हंजे मला दोन जागी आयकल्यावानी व्हईल.

तुजी आई

(ता. क. रंगूबाईंचा आवाज भजनात पुन्हा पहिल्यासारखा लागतो. पोरी, तुझ्या शिक्षणाचं चीज झालं. — ज्ञानू)

•

सांगली,
२० ऑगस्ट १९६५

ती. दादास,

तू गेल्यापासून पत्र नाही. वर्तमानपत्र मी दुपारपर्यंत उघडत नाही. तू ठीक असशील असं धरून लिहिते.

मी रविवारी घरी जाऊन आले. आईने माझ्यादेखत विहिरीतून घागर काढली. मी ओरडले तर म्हणाली, "वरडायला काय झालं? घागर माजी, ईर माजी." तिच्या गालांवर रंग आहे. मला रडू आलं ते मी परसात जाऊन रडले.

दादा, मला तुझी भीती होती, हे आता सांगायला हरकत नाही. तू सुट्टीवर येशील, डॉक्टरांना दम भरशील आणि माझा शब्द मोडेल, असं मला वाटत होतं. एप्रिलच्या पत्रात तू लिहिलंस, 'तू म्हणशील तसं', आणि खरोखर तसं वागलास. शब्द मी दिला आणि पाळलास तू. तुझ्याबद्दल असं मनात आणलं याची मला लाज वाटते.

गणेशोत्सवात शाळेने मला बोलायला सांगितलं आहे. मी हाच विषय घेतला आहे. कुणाचं नाव न घेता सांगणार आहे, की एका शेतकरी बाईने डॉक्टरला 'नाही' म्हटलं, घरच्यांनी तिचं 'नाही' ऐकलं, दुसरी वाट शोधली आणि ती बरी झाली. औषध आणि धर्म यांचं भांडण लागलंच पाहिजे असं नाही. मध्ये कुणीतरी ऐकणारं हवं. त्या ऐकणाऱ्यांत तू आहेस.

दोन ओळी तरी पाठव.

जाई

•

सैनिकी इस्पितळ,
मार्फत ५६ ए. पी. ओ.
४ ऑक्टोबर १९६५

जाई,

जिता आहे. मांडीत तुकडे घुसले होते, काढले. पाय शाबूत आहे. घरी तात्यांना कार्ड टाकलं आहे. आईला सांग, भिंतीकडं तोंड करून सगळं सोसलं.

तुझं ऑगस्टचं पत्र आज हातात पडलं. शेजारच्या खाटेवर एक सरदारजी आहे, त्याला हिंदीत करून सांगितलं. म्हणाला, बहन बहुत पढ़ी-लिखी है. मी म्हणालो, हो ना, तीच तर आफत आहे.

भाषण केलंस का? केलं नसशील तर करू नकोस.

गुण तुझ्या लाल औषधाचा नव्हे. सुट्टीवर आल्या आल्या मी डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, लाल औषधानं पाहिजे तसं रक्त चढत नाही, लिव्हर दिलं तर खात्री. मी हो म्हणालो. अर्जुना पडद्याआड सुई भरायचा. तुझ्या बाटल्या घरी माझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत, जुन्या वर्दीखाली. मागाहून पाठवलेल्या अर्जुनाकडं पडून असतील. मी निघताना डॉक्टरांना सांगून आलो, म्हणून अजून तेच चाललंय, आणि म्हणून ती घागर ओढते.

सांगणार नव्हतो. पण तू माझी पूजा मांडायला निघालीस, ते बघवेना.

इथं माझ्या अंगात बाटलीनं रक्त घातलं. कुणाचं, देवाला ठाऊक. तो काय खात होता, कुणाला हात जोडत होता, मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. इथं एकेकाची आई तार घेऊन बसली आहे. मला माझी आई परत जाईन तेव्हा दारात उभी पाहिजे होती. ती आहे. संपलं.

तिला सांगायचं नाही. तात्याच म्हणतात ना, नकळत घडलं त्याचा दोष लागत नाही? तिला ठाऊक नाही, म्हणजे तिची माळ निर्मळ आहे. जे काय पाप असेल ते माझं, आणि ते मी पचवतो. माझ्या जिभेला सवय आहे मटणाची.

जालिंदर

•

सांगली,
१७ ऑक्टोबर १९६५

दादा,

तू वाचलास, हे पहिल्या ओळीत वाचलं आणि पुढचं सगळं उभ्याने वाचलं. तू जिवंत आहेस म्हणूनच तुझ्यावर चिडता येतंय, एवढं समजून घे.

भाषण झालं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. त्या वेळी तुझ्या पेटीत, वर्दीखाली, माझ्या बाटल्या पडून होत्या.

तू लिहितोस, विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. म्हणाला असतास. आई 'नाही' म्हणाली होती. दोघांत एवढाच फरक आहे, आणि तो तुला कळत नाही असं मी मानत नाही. कळतो, म्हणून तर पडदा लागला.

आणि माझं काय केलंस? ती दर वेळी सुईपुढे दंड करायची ती माझ्या भरवशावर. तिला वाटायचं, जाईने वाचलं आहे. माझ्या नावाने तुम्ही तिला ते टोचत होता. डॉक्टर, तू, तो हसणारा अर्जुना, सगळ्यांनी मिळून मला पडदा केलंत.

तिला ठाऊक नाही म्हणून ती निर्मळ, असं तू ठरवणार? तिचं न कळणं ही काय तुझ्या मालकीची वस्तू आहे, पेटीत ठेवायला? दर आठवड्याला सुई पडते आहे. आता गप्प बसले तर मीही तुमच्यातलीच. आजच्याच टपालाने आईला सगळं लिहिलं आहे.

दिवाळीला मी घरी जाणार नाही. जवानांना फराळ पाठवायचं काम शाळेने घेतलं आहे, ते मी मागून घेतलं. चकल्या बांधताना कुणाला तरी पोचतील एवढाच विचार करीन. कुणाला, ते बघणार नाही.

जाई

•

निंबवडी,
२८ ऑक्टोबर १९६५

जाई,

ह्ये तात्याच लिवत्यात. त्यांचा हात आडतोय, पर म्या सांगितलंय, येक शबुद गाळायचा न्हाई.

तुजं पत्र आलं त्या दिशी एकादस व्हती. दुपारचं भजनाला मानसं जमलीवती. पोस्टमन आला तशी समदी गप झाली, जालिंदरचं काय हाय म्हनून. तात्यांनी इना केरबाकडं दिला न् पाकीट फोडलं. जाई, माजी पत्रं कोन वाचतं ते तू इसरलीस व्हय गं? चार दिसांवर दिवाळी व्हती. यायचं व्हतंस, माज्या कानात सांगायचं व्हतंस.

तात्या वाचता वाचता थांबलं. म्हनलं, बाई, पानी पडलंय, अक्षार लागंना. म्या म्हनलं, तात्या, जाईचं अक्षार कवा लागत न्हाई असं झालंय का? वाचा फुडं. मग त्यांनी वाचलं. काळजाचं, पडद्याचं, पेटीचं. पारूबाईनं त्वांडाला पदर लावला.

तात्या लय भला मानूस. म्हनलं, रंगूबाई, तुमाला ठावं न्हवतं. नकळत घडलं. माळ ऱ्हाऊ द्या.

समदी माज्याकडं बगाय लागली. माज्या हातात टाळ व्हतं. म्हनलं असतं, व्हय, ठावं न्हवतं, तर समदं तितंच मिटलं असतं. पर म्होरं इटूबाचा फोटू, वर एकादस, आन् तात्यांनी सरळ इचारलेलं. म्या टाळ खाली ठिवलं. म्हनलं, तात्या, ठावं व्हतं.

व्हय जाई, मला ठावं व्हतं. तुजं अवशिद कुंकवाच्या पान्यावानी लाल. सुईत असायचं ते गुळाच्या पान्यावानी. आंधळी हाय का मी? आन् जालिंदर भित्ताडाकडं बगायचा. ल्हानपनी माजी साय खाऊन यायचा तवाबी असाच बगायचा. पयल्याच दिशी वळाखलं. दंड मागं घेनार व्हते. पर रेडिओ तसला बोलत हुता, त्याची सुट्टी थोड्या दिसांची हुती. त्याच्या हातानं माजा हात गच धरलावता. त्याला भांडून, रडत हद्दीवर लावून देऊ? म्या डोळं मिटलं. मनात इटूबाला म्हनलं, तू बगितलंस, म्या न्हाई.

आन् मलाबी जगायचं व्हतं. ह्येबी लिवा तात्या. त्यो माघारी येतोय का न्हाई ते बगायचं व्हतं.

माजं आन् देवाचं काय हुतं ते आमा दोघांत हुतं. कुनी बोललं न्हवतं तवर माळ गळ्यात ऱ्हात हुती. तू बोललीस, चार मानसांत. आता न्हाई ऱ्हात. काढली न् तात्यांच्या हातात दिली.

मनुबाई इचारती, कराडला जायाचं का? म्या म्हनलं, जालिंदरला इचार. जाईला इचार. डाक्टरला इचार. मला कवा कुनी इचारलंय?

तुजी आई

(जाई, 'जगायचं व्हतं' ती ओळ मी गाळायला बघितली, जमलं नाही. माळ देवापुढे ठेवली आहे. पुन्हा घाला म्हणून रोज सांगतो, त्या मान हलवतात. काल कराडची खेप चुकली. भजनाला येत नाहीत. — ज्ञानू)

•

सांगली,
२ नोव्हेंबर १९६५

ती. आईस,

हे पत्र तात्याच वाचतील. तात्या, दार लावून घ्या आणि कुठेही थांबू नका.

आई, तुझं पत्र वर्गावर जाताना वाचलं आणि भूगोलाच्या तासाला नकाशा उलटा टांगला. मुली हसल्या तेव्हा कळलं.

तुझी पत्रं कोण वाचतं हे मी विसरले, हे खरं. विसरायला नको होतं. सांगलीला येईपर्यंत ती मीच वाचत होते. हिंदुरावकाकांच्या पत्रातल्या शिव्या मी गाळायचे आणि तुला म्हणायचे, 'काका खुशाल आहेत.' तेव्हा त्यात मला खोटं असं काही वाटलं नव्हतं. चार माणसांत तुझ्या गळ्यातली माळ माझ्या अक्षराने उतरवली. ते मला आता पुसता येणार नाही.

पण मलाही तुला एक विचारायचं आहे, आणि ते मी गाळणार नाही. दादाला माहीत होतं. डॉक्टरांना, अर्जुनाला माहीत होतं. आणि पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, आणि शब्द मात्र माझा घेतला होतास. मी दर शनिवारी दुकानं पालथी घालून ती लाल बाटली शोधायचे, कापसात गुंडाळायचे, कंडक्टरच्या पाया पडायचे. ती पोचली की तू निरोप द्यायचीस, 'फुटली न्हाई.' रिकाम्या घराला कुलूप लावून तुम्ही किल्ली माझ्याकडे ठेवलीत आणि मी राखण करत बसले. दादाने मला फसवलं त्याचा राग येतो. तू फसवलंस त्याचा राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

दादाला तू हसत वाटेला लावलंस. मला नुसतं एवढं म्हणायचं होतंस, 'जाई, मला जगायचं हाय.' मी काय केलं असतं? बहुधा वाद घातला असता. तुझ्या माळेच्या बाजूने, तुझ्याशीच. हे लिहिताना मला दिसतंय आणि तरीही राग जात नाही.

तुला कुणी विचारलं नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. लिंबाखाली मी तुझं ऐकलं, पण त्यानंतर मीही कधी विचारलं नाही. मला वाटलं, एकदा ऐकलं की काम झालं.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. दादाच्या पेटीतल्या बाटल्या वहिनींना बाहेर काढून ठेवायला सांग. वाटेत कराडला उतरून डॉक्टरांकडून दुसरं औषधही घेऊन येईन. दोन्ही तुझ्यापुढे ठेवीन, आणि कशात काय आहे ते मोठ्याने वाचून दाखवीन. पडदा नाही. लाल, गुळाच्या पाण्याचं, किंवा काहीच नाही, ते तू सांगायचं. माळेचंही तूच सांगायचं, तात्यांनी नाही.

तू 'काहीच नको' म्हणालीस तर मी ते ऐकून गप्प राहीन, असं इथे लिहिलं होतं, ते मी खोडलं आहे. तात्या, खोडलेलंही वाचून दाखवा.

आई, या वेळी मी शब्द देत नाही.

जाई